हॉलमध्ये समुद्र, समुद्रात पेशंट!

वर्तकनगरला समुद्र नाही. उपवनचा तलाव आहे, मागे येऊरचे डोंगर आहेत, पोखरण रोडचं ट्रॅफिक आहे आणि गुरुवारी साईबाबा मंदिराबाहेरची गर्दी आहे. ठाण्याची खाडी म्हणावी, तर ती पार पूर्वेच्या टोकाला. तरीही आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, साधारण १९० लिटर समुद्र आहे. आणि त्या समुद्रात गेलं वर्षभर एक पेशंट ॲडमिट आहे.

पेशंटचं नाव सी ॲनिमोन. मराठी पुस्तकांत त्याला समुद्रपुष्प म्हणतात. दिसायला फूल, पण आहे चक्क प्राणी. जेलीफिश आणि प्रवाळांच्या खानदानातला. मेंदू नाही, हृदय नाही, हाडं नाहीत. तोंड एकच, खायचं त्यातूनच आणि नको असेल ते बाहेर टाकायचं तेही त्यातूनच. २००३ सालचा 'फाइंडिंग नीमो' पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. नीमो ज्या झुलत्या बोटांच्या झाडात राहतो ना, तेच हे!

खरं तर टँक माझा नाही, दादाचा आहे. दादा आयटीत. लॉकडाऊननंतर कुणी गिटार घेतली, कुणी सायकल. दादाने तीन फुटी टँक घेतला आणि त्यात मिठाचं पाणी भरलं. दोन वर्षं त्यात क्लाउनफिशची एक जोडी सुखाने नांदत होती. मग गेल्या मार्चमध्ये तो हा ॲनिमोन घेऊन आला आणि एप्रिलमध्ये त्याची हैदराबादला बदली झाली. माणूस ट्रान्सफर होतो, टँक होत नाही. निघताना बॅगेची चेन लावता लावता तो म्हणाला, "तू काय, घरूनच काम करतेस ना?"

फ्रीलान्सर मंडळींना हे वाक्य पाठ असेल. घरून काम करणारा माणूस म्हणजे सोसायटीच्या मते रिकामा माणूस. सिलिंडर तो उतरवून घेणार, शेजारच्या काकूंचं कुरिअर तो घेणार, प्लंबर आला की त्याच्या डोक्यावर तोच उभा राहणार. त्यात आता एक ॲनिमोन!

बरं, तो धडधाकट असता तरी चाललं असतं. पण तो आला तेव्हाच पांढराफटक होता. दादाला दुकानदाराने सांगितलं होतं, "व्हाइट आहे, रेअर कलर." चार दिवस वाचून काढल्यावर कळलं, की हा रंग रेअर वगैरे काही नाही. हा रंग म्हणजे आजार.

त्याचं असं आहे, की क्लाउनफिश ज्यांच्यात राहतात अशा ॲनिमोनच्या अंगात अतिसूक्ष्म, एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला बराचसा वाटा घरमालकाला देतं. भाडंच समजा ना! ॲनिमोनचा तपकिरी किंवा मातकट रंग बहुतांशी या भाडेकरूंचा. पाणी तापलं, अंधारात लांबचा प्रवास झाला, पाण्याचा खारेपणा एकदम वरखाली झाला, की हे भाडेकरू घर सोडतात. उरतो तो पांढरा, अर्धपारदर्शक, उपाशी ॲनिमोन. समुद्रातले प्रवाळ पांढरे पडतात ते याच कारणाने. म्हणजे जगभरच्या बातम्यांत जे 'कोरल ब्लीचिंग' येतं, त्याची छोटी आवृत्ती आमच्या टीव्हीशेजारी सुरू होती.

आमचा हा कार्पेट ॲनिमोन, हॅडोनी जातीचा. हा वाळूत पाय रोवून बसतो आणि वर गालिचा पसरावा तसा पसरतो. आमच्याकडे गालिचा कुठला? पायपुसणंही म्हणवेना. पाय सुटलेला, कडा आत वळलेल्या, तोंड ढिलं उघडं पडलेलं. बंद तोंड आणि घट्ट धरलेला पाय या ॲनिमोनच्या तब्येतीच्या दोन मोठ्या खुणा. आमचा पेशंट दोन्हीत नापास.

आणि भीती फक्त त्याच्यापुरती नव्हती. ॲनिमोन मेला, की काही तासांत विरघळायला लागतो. एवढ्याशा पाण्यात अमोनिया भराभर वाढतो आणि बाकीच्यांचाही निकाल लागतो. म्हणजे दादाच्या दोन क्लाउनफिशचा जीवही याच्यावरच टांगलेला.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला ही गोष्ट आपल्याकडे पाण्यापेक्षाही मुबलक. दादाच्या एका मित्राने व्हिटॅमिनची बाटली सांगितली, दुसऱ्याने आयोडीन. तिसरा म्हणाला, लाइट डबल कर. चौथा म्हणाला, जागा बदलून बघ. प्रत्येकाला 'काहीतरी करायचं' होतं. माणूस आजारी असला की आपण डोक्याशी बसतो, काढा करतो, "आता कसं वाटतंय?" विचारून त्याला हैराण करतो. इथे विचारायची सोय नाही, मग निदान हात तरी लावावासा वाटतो.

पण जितकं वाचत गेले, जाणत्यांशी बोलत गेले, तितकी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. ॲनिमोनला हात लावायचा नाही. सांभाळायचं ते पाणी. पाणी आज जसं आहे तसं उद्या, परवा, पुढच्या महिन्यात राहिलं पाहिजे. बस! ऐकायला किती सोपं, नाही?

आईने दुधाच्या हिशेबाची वही उलटीकडून उघडली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, तापमान, खारेपणा, शेरा. खारेपणा मोजायला दादाचा रिफ्रॅक्टोमीटर होता. दोन थेंब टाकून डोळ्याला लावायचं, आत रेघ दिसते. ती १.०२५ च्या आसपास हवी. आमच्या आईने आयुष्यात कधी सायन्स घेतलं नाही, पण पहिल्या आठवड्यात तिने जो मुद्दा पकडला तो दादाच्या मित्रांपैकी कुणी सांगितला नव्हता. ती म्हणाली, "अगं, पाणी उडून जातं, मीठ थोडंच उडतं? सार आटलं की खारट होतं, तसंच हे." अगदी बरोबर! रोज जेवढं पाणी उडतं तेवढं गोडंच पाणी, तेही आरओचं, भरायचं. मिठाचं पाणी भरलं तर खारेपणा चढतच जाणार. तेव्हापासून सकाळच्या चहाआधी टँकमध्ये गोड पाणी घालणं हे आईचं काम. तुळशीला पाणी आणि मग समुद्राला!

आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं, ते माझं काम. त्यासाठी आदल्या रात्री बादलीत आरओचं पाणी घेऊन त्यात बाजारात मिळणारं ॲक्वेरियमचं समुद्री मीठ विरघळवायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे बादलीला जवळजवळ पाऊण किलो. आपलं जेवणातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं, ते त्या मिठात घातलेलं असतं. पाऊण किलो ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. "एवढं मीठ लोणच्याच्या बरणीलाही लागत नाही गं!"

मे महिना आला आणि ठाण्याने आपला रंग दाखवला. टँकचं पाणी ३१ अंशांवर. हवं २५-२६. चिलरची किंमत ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय संपवला. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा टेबल फॅन लावला, तर त्याने दोन-तीन अंश खाली येतात. बाष्पीभवनाची करामत, आपल्या माठासारखी. दुपारी एसी एक-दोन तास. त्या बिलाचा विषय मात्र इथे नको.

दिव्याची गंमत तर उलटीच निघाली. ॲनिमोनला भरपूर उजेड लागतो हे खरं. पण अंगातलं शैवाल गेलेल्या ॲनिमोनला एकदम झगझगीत उजेडात ठेवणं म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला मॅरेथॉनला पाठवणं. म्हणून एलईडी मंद ठेवला आणि दर आठवड्याला थोडा थोडा चढवला. क्लाउनफिश त्याच्या अंगावर सारखे लोळत होते. निरोगी ॲनिमोनला ते चालतं, दमलेल्याला नाही. मग आईची पालेभाजी निथळायची प्लास्टिकची जाळी त्याच्यावर उपडी घातली. पाणी खेळतं राहिलं, माशांना मज्जाव झाला, आणि तो घरंगळत पंपाच्या तोंडाशी जाण्याचा धोकाही टळला. पंपात ओढला गेलेला ॲनिमोन हा या छंदातला नेहमीचा अपघात आहे.

जेवण आठवड्यातून दोनदा. नखाएवढा कोळंबीचा तुकडा. मीठ, हळद काही नाही. चिमट्याने जाळीखाली सरकवायचा आणि वाट पाहायची. पहिले तीन वेळा त्याने तो घेतलाच नाही. चौथ्या वेळी घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच, बुळबुळीत गोळा करून बाहेर टाकला. मी तुकडा निम्मा केला. त्यानंतर पोटात राहायला लागला.

जूनमधली एक रात्र मात्र विसरता येणार नाही. रात्री दीडला एक लेख पाठवून मी पाणी प्यायला उठले आणि पाहते तर जाळीखाली ॲनिमोन नव्हताच! पिळून टाकलेल्या फडक्यासारखं काहीतरी पडलं होतं. दादाला फोन केला. तो म्हणाला, "गेला असेल तर आत्ताच्या आत्ता काढ, नाहीतर सकाळपर्यंत मासेही जातील." आणि गेला नसेल तर? वाळूतून असा उपटून काढला की पाय फाटून नक्कीच जाईल. म्हणजे जिवंत असेल तर मी मारणार, आणि मेला असेल तर तो बाकीच्यांना मारणार. अशा वेळी मीटिंग तरी कुणाबरोबर घ्यायची?

आई उठून आली. मी हात कोपरापर्यंत धुऊन त्याच्याजवळचं थोडं पाणी कपात घेतलं आणि हुंगलं. मेलेला ॲनिमोन लपून राहत नाही, वास असा सुटतो की घर सोडावं लागेल. वास नव्हता. ओहोटीच्या किनाऱ्याला येतो तसा, नेहमीचाच. अमोनियाची टेस्ट केली, शून्य. तयार पाण्याची बादली बाजूला आणून ठेवली, दर तासाचा गजर लावला आणि आम्ही ठरवलं: काढायचा नाही. बसायचं. आई सोफ्यावर आडवी झाली, मी खुर्चीत. तीनला टेस्ट, चारला टेस्ट. पाचच्या सुमारास त्याची एक कड हलली. सातला तो फुगून जाळीला टेकला होता!

ॲनिमोन अधूनमधून अंगातलं सगळं पाणी सोडून देतो आणि नवं भरून घेतो. आपण खिडक्या उघडून घर हवेशीर करतो तसंच. त्या वेळी तो मेल्यासारखा दिसतो. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, पण पहाटे तीनला ती ओळ फारशी कामाला येत नाही.

त्या रात्रीनंतर आई म्हणाली, "एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा नेऊन सोड ना त्याला समुद्रात." मालवणला लहानपणी तिने खडकांच्या डबक्यांत असेच जीव पाहिलेले. बोट लावलं की लाजाळूसारखे मिटायचे, म्हणाली. प्रश्न रास्त होता. पण हा कुठल्या समुद्रातून आला ते दुकानदारालाही सांगता आलं नव्हतं. परक्या पाण्यातला जीव, आणि त्याच्याबरोबर टँकमधले जंतू, आपल्या किनाऱ्यावर सोडणं म्हणजे तिथल्यांना संकटात टाकणं. पाळलेलं काहीही, साधा गोल्डफिशसुद्धा, नदी-समुद्रात सोडायचा नाही हा जगभरचा नियम आहे. घरात आणलं की परतीचं तिकीट नसतं.

पण तिच्या बोलण्यामुळे एक झालं. आपल्या किनाऱ्यावरचे ॲनिमोन बघावेत असं डोक्यात बसलं. प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू केलं. त्यांच्या किनारा-सफरींमुळे हाजी अली, मरीन ड्राइव्ह, जुहू इथे ओहोटीला काय काय दिसतं हे मुंबईकरांना कळायला लागलं: ॲनिमोन, समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, प्रवाळसुद्धा! कोस्टल रोडच्या कामात हाजी अली-वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ दुसरीकडे हलवावे लागले, ते २०२० साल. म्हणजे जिथे आपण फक्त गाड्या आणि भेळ पाहतो, तिथे हे सगळं होतं आणि आहे.

मी ओहोटीचं वेळापत्रक पाहून आईला घेऊन मरीन ड्राइव्हला गेले. खडकाच्या कपारीत, हाताच्या पंजाएवढ्या डबक्यात, एक मिटलेला ॲनिमोन बसला होता. ऊन डोक्यावर, पाणी कोमट, शेजारी चिप्सचं पाकीट. तरी पाय घट्ट. त्याला ना एलईडी, ना आरओ. त्याच्याकडे फक्त एक गोष्ट होती, जी आमच्या पेशंटकडे नव्हती: दिवसातून दोनदा येणारी भरती. आमच्या हॉलमध्ये ती भरती मी आणि आई मिळून बादलीने आणतो.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट वाचली आणि झोप उडाली. १८२८ मध्ये सर जॉन डॅलियल नावाच्या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक ॲनिमोन घरी आणला. काचेच्या साध्या बरणीत ठेवला, समुद्राचं ताजं पाणी आणवून बदलत राहिला. १८५१ मध्ये डॅलियल वारला. ॲनिमोन जगलाच! तो एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जात राहिला, शेकडो पिल्लं झाली, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणायला लागले. शेवटची वर्षं एडिनबर्गच्या बोटॅनिक गार्डनमध्ये काढून ही आजी १८८७ मध्ये गेली. काचेमागे तब्बल ५९ वर्षं! तिची जात वेगळी, थंड पाण्यातली, आमच्याइतकी उजेडावर अवलंबून नसणारी. पण मुद्दा तोच. ॲनिमोनमध्ये म्हातारपणाच्या खुणा फारशा दिसत नाहीत, असं शास्त्रज्ञ सांगतात.

म्हणजे आमचा पेशंट जर गेला, तर "वय झालं होतं हो" असं म्हणायची सोय नाही. आपल्याकडच्या काचेत ॲनिमोन मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने, उजेडाने, उपासाने किंवा पंपाने. त्यातली प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातातली. आजी ५९ वर्षं जगली, कारण एकाचे हात थकले की दुसऱ्याने बरणी घेतली.

गणपतीत दादा आला. आल्या आल्या बूटही न काढता टँकसमोर बसला. म्हणाला, "अगं, हा पिवळट दिसतोय." मी आणि आईने रोज पाहत असल्याने आम्हाला ते नीट जाणवलंच नव्हतं. शैवाल परतत होतं. नोव्हेंबरपर्यंत कडांना फिकट तपकिरी झाक आली. जाळी काढली. पहिले दोन दिवस मासे आले नाहीत, तिसऱ्या दिवशी मादी आली, अंग घासून गेली, परत आली. रात्री दोघंही त्यातच झोपले होते.

बरा झाला का? अजून नाही. मधोमध अजून पांढरा पट्टा आहे. जानेवारीत दिवसा चार तास लाइट गेली तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप लावून आम्ही पुन्हा एकदा कप घेऊन हुंगत बसलो होतो. पण पाय वाळूत घट्ट आहे, तोंड बंद आहे, आणि कोळंबी दिसली की कडा अशा उचलतो की आई म्हणते, "आला बघ, पंगतीला बसला!"

हे वाचून कुणाला ॲनिमोन घ्यावासा वाटला, तर थांबा. क्लाउनफिशला टँकमध्ये ॲनिमोन लागत नाही, ते त्याच्याशिवायही मजेत जगतात आणि अंडीही घालतात. मासे हवेच असतील तर पैदास केलेले मागा. आपल्या शेजारी ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनफिशच्या पैदाशीची हॅचरी सुरू झाली. टँक किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर स्थिरावल्याशिवाय ॲनिमोनचं नाव काढू नका. आणि दुकानात कुणी पांढराशुभ्र 'रेअर कलर' दाखवला, तर त्याचं तोंड आणि पाय बघा, मग हळूच बाहेर पडा. त्यापेक्षा एखाद्या रविवारी ओहोटीची वेळ पाहून मरीन ड्राइव्हला जा. तिकीट नाही, मीठ नाही, विजेचं बिल नाही. फक्त हात लावू नका!

परवा आईने वहीची शेवटची चार पानं कोरी सोडून नवी वही आणली. कोऱ्या पानांवर ती सुवाच्य अक्षरात लिहिते आहे: गोड पाणी कधी, मीठ किती, कोळंबी केवढी, वास कसा ओळखायचा. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, "तुझं उद्या लग्न होईल, नोकरी लागेल, मी कायमची आहे का? ज्याच्याकडे जाईल त्याला माहीत नको?"